खरपूसपणाचा हिशेब

अन्नाचे कौतुक करण्यासाठी मराठीने जे शब्द घडवले, त्यांतील बहुतेक अग्नीचे ऋणी आहेत. खमंग, खरपूस, कुरकुरीत, खुसखुशीत, तांबूस भाजलेले. हे शब्द नुसते उच्चारले तरी तोंडाला पाणी सुटते. उकडीच्या मोदकाचा अपवाद सोडला, तर वाफेवर शिजलेल्या अन्नाच्या वाट्याला मात्र ‘मिळमिळीत’, ‘पचपचीत’ आणि ‘पथ्याचे’ असेच शब्द आले. जणू उकडलेले अन्न आजाऱ्याने खावे आणि भाजलेले-तळलेले धडधाकट माणसाने. भाषेतील हा पक्षपात जिभेचा आहे. शरीराचा कौल तसाच आहे काय, हा प्रश्न गेली काही दशके वैद्यकशास्त्र गांभीर्याने तपासत आहे.

व्यापारी कुटुंबाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळी चहाबरोबर खाखरा, दुपारच्या ताटात भाजलेला पापड, चारच्या सुमारास पेढीवर शेव-गाठी किंवा फाफडा, आलेल्या ग्राहकाबरोबर चहा-बिस्किट आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात पराठा. यांतील एकही पदार्थ अभक्ष्य नाही. धान्य निवडलेले, तेल गाळलेले, हात स्वच्छ. तरीही या सर्वांत एक समान गोष्ट आहे: प्रत्येक पदार्थ कोरड्या आणि तीव्र उष्णतेने तयार झाला आहे. मांस नाही, मद्य नाही, कंदमूळही नाही, मग मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार घरात आले कोठून, असा प्रश्न ज्या कुटुंबांत विचारला जातो, तेथे काय खाल्ले याबरोबर ते कसे शिजवले याचाही हिशेब मांडणे आवश्यक आहे. बैठा व्यवसाय, साखर, मीठ, वाढता घेर आणि आनुवंशिकता ही मोठी कारणे आहेतच. अन्नातील उष्णतेचे खाते त्यांच्या जोडीचे आहे, आणि ते सहसा कोणी उघडून पाहत नाही.

तव्यावर काय घडते

पाणी शंभर अंश सेल्सिअसला उकळते. म्हणून वरण, खिचडी, ढोकळा, इडली हे पदार्थ कितीही वेळ चुलीवर राहिले तरी त्यांचे तापमान साधारण शंभर अंशांपुढे जात नाही. कुकरच्या दाबाखाली ते १२० अंशांच्या आसपास पोहोचते. तळणीचे तेल १७० ते १९० अंशांवर असते आणि कोरडा तापलेला तवा किंवा भट्टी दोनशेच्याही पुढे जाते. पदार्थात ओलावा आहे तोवर पाणी त्याचे रक्षण करते. पृष्ठभागावरचे पाणी आटले की तेथील तापमान झपाट्याने चढते आणि रंग बदलू लागतो. म्हणूनच पावाचा गाभा पांढरा राहतो आणि कड तपकिरी होते. खाखऱ्याला मात्र गाभाच नसतो. तो जणू सगळाच कड असतो.

हा रंग कोठून येतो, याचे पहिले शास्त्रीय वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. प्रथिनांचे घटक, म्हणजे अमिनो आम्ले, आणि शर्करा एकत्र तापवल्या की मिश्रण तपकिरी होते, असे त्यांनी दाखवले. पुढे १९५३ साली जॉन हॉज या अमेरिकी संशोधकाने या प्रक्रियेच्या पायऱ्यांची सुसंगत मांडणी केली. भाजलेल्या कॉफीचा गंध, ताज्या पावाचा दरवळ, बेसन भाजताना घरभर पसरणारा खमंगपणा हे बहुतांशी याच प्रक्रियेचे देणे आहे.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर या प्रक्रियेचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात शर्करा आणि प्रथिन यांचा संयोग होतो. ती कच्ची नोंद असते, खोडता येण्याजोगी. उष्णता आणि वेळ मिळत गेला की तीच नोंद पक्क्या खात्यात उतरते आणि मग ती पुसता येत नाही. या पक्क्या नोंदींना, म्हणजे शर्करा आणि प्रथिने यांच्यापासून अखेरीस बनणाऱ्या स्थिर संयुगांना, वैद्यकात ‘एजीई’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. ही एक वस्तू नसून संयुगांचे मोठे कुटुंब आहे.

या व्यवहारात पोषणाचीही हानी होते. शर्करा ज्या अमिनो आम्लाला सर्वांत सहज पकडते, ते लायसिन. गहू आणि तांदूळ यांत लायसिन मुळातच कमी असते. शाकाहारी घरात त्याची भरपाई डाळी आणि दूध करतात. धान्याचा पदार्थ गडद होईपर्यंत भाजला, तर आहे त्या थोड्या लायसिनपैकीही काही भाग शरीराला निरुपयोगी ठरतो.

तीच प्रक्रिया रक्तात

मायार यांची प्रक्रिया स्वयंपाकघरापुरती मर्यादित असती, तर तिची चर्चा पाककलेच्या पुस्तकात संपली असती. परंतु शर्करा आणि प्रथिने माणसाच्या रक्तातही आयुष्यभर एकमेकांच्या सहवासात असतात. तेथे तापमान ३७ अंश असते, म्हणून तव्यावर मिनिटांत घडणारी गोष्ट शरीरात आठवड्यांत आणि महिन्यांत घडते. आज मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाच्या हाती असणारा ‘एचबीए१सी’चा अहवाल हे याचेच मोजमाप आहे. तेहरानमध्ये काम करणारे सॅम्युअल राहबर यांना १९६८ साली मधुमेही रुग्णांच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक वेगळा प्रकार अधिक प्रमाणात आढळला. तो म्हणजे शर्करा चिकटलेले हिमोग्लोबिन होय. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, म्हणून हा अहवाल गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगतो.

तांबडी पेशी चार महिन्यांत निवृत्त होते. पण रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील आणि त्वचेतील कोलॅजन, तसेच डोळ्याच्या भिंगातील प्रथिने वर्षानुवर्षे टिकतात. त्यांच्यावर पक्क्या नोंदी साचत जातात. प्रथिनांचे धागे एकमेकांत अडकतात, वाहिन्यांची लवचिकता घटते, भिंग गढूळ होण्यास हातभार लागतो. हे सर्वांच्याच बाबतीत वयानुसार घडते. रक्तातील साखर वाढलेली असेल तर अधिक वेगाने घडते.

दाहाचा संबंध येथून पुढे येतो. बोट कापले की ते लाल होते, सुजते, दुखते आणि काही दिवसांत बरे होते. हा उपकारक दाह होय. शरीराचे रक्षकदल येते, काम करते आणि परत जाते. दुसरा दाह मंद आणि दीर्घकालीन असतो. त्यात वेदना नसते, ताप नसतो. रक्षकदल मात्र काम नसताना मुक्काम ठोकून बसलेले असते. रक्तवाहिन्यांतील थर, इन्सुलिनला पेशींनी दाद न देणे आणि मूत्रपिंडाची हळूहळू होणारी झीज या सर्वांत अशा मंद दाहाचा वाटा असतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी १९९२ साली पेशींच्या पृष्ठभागावरील एक ग्राहक-प्रथिन शोधून काढले. एजीई संयुगे त्याला जाऊन चिकटतात, त्याचा संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि दाह घडवणाऱ्या द्रव्यांची निर्मिती सुरू होते. याच संदेशामुळे त्या ग्राहक-प्रथिनांची संख्याही वाढते, म्हणजे पुढच्या वेळी तेवढ्याच संयुगांना पेशी अधिक तीव्र प्रतिसाद देते. व्याजावर व्याज चढावे, तसा हा प्रकार आहे.

अन्नाचा वाटा किती

शरीर ही संयुगे स्वतःच तयार करत असेल, तर ताटातल्या संयुगांनी फरक तो किती पडणार? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, अन्नातून पोटात गेलेल्या अशा संयुगांपैकी सुमारे १० टक्के रक्तात शोषली जातात. मूत्रपिंडे निरोगी असतील तर शोषलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश काही दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतात. ज्या मधुमेहींची मूत्रपिंडे दुबळी झाली आहेत, त्यांच्यात फारच थोडी बाहेर पडतात. जमा होत राहणे आणि खर्च न पडणे, ही स्थिती ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत त्यांना सर्वाधिक जाचक ठरते.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील संशोधकांनी २०१० साली ५४९ खाद्यपदार्थांतील एजीईंचा तक्ता प्रसिद्ध केला. कच्च्या स्थितीच्या तुलनेत कोरड्या उष्णतेने त्यांचे प्रमाण १० ते १०० पटींनी वाढू शकते. पाण्यात किंवा वाफेवर, कमी वेळ, कमी तापमानावर आणि लिंबू किंवा व्हिनेगरसारख्या आंबट पदार्थांसह शिजवल्यास ही वाढ बरीच कमी राहते, असा त्यांचा निष्कर्ष होता. भाजलेले-तळलेले मांस या तक्त्यात फार वर होते. धान्य, भाज्या आणि फळे बरीच खाली होती. शाकाहारी वाचकाला हे वाचून समाधान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र पुढे अधिक काटेकोर यंत्रांनी मोजणाऱ्या प्रयोगशाळांचे आकडे या तक्त्याशी, विशेषतः स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत, जुळले नाहीत. म्हणून एकेका पदार्थापुढील आकडा पाठ करण्यात अर्थ नाही. कोरड्या उष्णतेने वाढ होते आणि ओल्या उष्णतेने ती आटोक्यात राहते, ही दिशा मात्र कायम आहे.

समाधानाला आणखी एक छेद आहे. स्लोव्हाकियातील संशोधकांनी २००१ साली दीर्घकाळ शाकाहारी असलेल्या निरोगी व्यक्तींचे रक्त मिश्राहारी व्यक्तींच्या रक्ताशी ताडून पाहिले. शाकाहारी व्यक्तींच्या रक्तात एजीईंचे प्रमाण कमी असेल, ही अपेक्षा खोटी ठरली. ते अधिक निघाले. फळांतून आणि मधुर पदार्थांतून येणारी फळसाखर हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले गेले, कारण फळसाखर प्रथिनांशी ग्लुकोजपेक्षा अधिक वेगाने संयोग पावते. यावरून शाकाहार घातक ठरत नाही. शाकाहाराचे इतर लाभ आपल्या जागी आहेत. एवढेच ठरते की शाकाहार हा या एका बाबतीत आपोआप मिळणारा विमा नव्हे.

माणसांवरील प्रयोग काय सांगतात? ऑस्ट्रेलियातील एका गटाने २०१६ साली वजन जास्त असलेल्या २० निरोगी व्यक्तींना दोन-दोन आठवडे दोन प्रकारचे आहार दिले. कमी एजीईंच्या आहारावर इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने २०२४ साली वजन जास्त असलेल्या ३८ भारतीय प्रौढांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना बारा आठवडे मुख्यतः उकडलेले-वाफवलेले आणि बारा आठवडे मुख्यतः भाजलेले-तळलेले अन्न देण्यात आले. पहिल्या प्रकारच्या आहारावर इन्सुलिनचे कार्य सुधारले आणि दाहाचे काही निर्देशक घटले. याउलट नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त येथे पोटाचा घेर वाढलेल्या ७०हून अधिक प्रौढांवर चार आठवडे केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर प्रयोगात दोन्ही आहारांत इन्सुलिन, रक्तवाहिन्या किंवा दाह यांबाबत लक्षणीय फरक आढळला नाही.

दोन बाजूंच्या नोंदी जुळत नसताना ताळेबंदावर सही करणे योग्य नव्हे. खाखरा खाल्ल्याने मधुमेह होतो, असे कोणीही सिद्ध केलेले नाही. सिद्ध एवढेच आहे की ही संयुगे तयार होतात, त्यांचा काही भाग रक्तात येतो आणि पेशींत दाह घडवण्याचा मार्ग त्यांना उपलब्ध आहे. त्यातून रोजच्या आयुष्यात किती हानी होते, याचा नेमका आकडा यायचा आहे. जोखीम अनिश्चित आणि ती टाळण्याचा खर्च नगण्य, अशा स्थितीत शहाणा व्यापारी काय करतो, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

बोगद्यातून निघालेला धडा

उष्णतेने निर्माण होणारे आणखी एक द्रव्य म्हणजे अॅक्रिलामाइड. त्याचा शोध मोठ्या विचित्र वाटेने लागला. १९९७ साली स्वीडनच्या दक्षिण भागात हालांडसॉस या डोंगरातून रेल्वेचा बोगदा खोदला जात होता. पाण्याची गळती थांबवण्यासाठी वापरलेल्या रसायनात अॅक्रिलामाइड होते; ते आसपासच्या पाण्यात उतरले. मासे मेले, कुरणातील गाई लुळ्या पडल्या आणि काम थांबवावे लागले. कामगारांचे रक्त तपासताना तुलनेसाठी बोगद्याशी काहीही संबंध नसलेल्या लोकांचेही रक्त घेतले गेले, आणि त्यांच्याही रक्तात या द्रव्याच्या खुणा सापडल्या. त्या आल्या कोठून, या प्रश्नाचा माग काढत स्टॉकहोम विद्यापीठातील संशोधक स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. तीव्र उष्णतेने भाजलेल्या-तळलेल्या पिष्टमय पदार्थांत अॅक्रिलामाइड असते, हे एप्रिल २००२ मध्ये जाहीर झाले.

त्याच वर्षी त्याची घडण उलगडली. अॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल आणि शर्करा १२० अंशांच्या वर कोरड्या स्थितीत एकत्र तापल्या की अॅक्रिलामाइड तयार होते. म्हणजे हीदेखील मायार यांच्याच प्रक्रियेची एक शाखा. उकडण्यात ते जवळजवळ तयार होत नाही. बटाट्याचे वेफर हा त्याचा सर्वांत मोठा स्रोतांपैकी एक असल्याने, बटाटा न खाणाऱ्या घरांची येथे आपोआप बचत होते. परंतु बिस्किटे, टोस्ट, भाजलेली कॉफी आणि करपलेली पोळी यांच्या बाबतीत ही सवलत नाही. गव्हाच्या कोंड्यात अॅस्पॅराजिन मैद्यापेक्षा अधिक असते, त्यामुळे कोंड्यासह पिठाचा पदार्थ पौष्टिक असला तरी तो गडद भाजणे इष्ट नव्हे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ सालीच अॅक्रिलामाइडची गणना ‘बहुधा कर्ककारक’ द्रव्यांत केली होती. तो निर्णय प्राण्यांवरील प्रयोगांवर आधारलेला होता. अन्नातील अॅक्रिलामाइडमुळे माणसांत कर्करोग वाढतो काय, यावरील अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. दाहाच्या संदर्भात पोलंडमधील २००९ सालचा एक लहान अभ्यास उल्लेखनीय आहे. १४ निरोगी व्यक्तींनी चार आठवडे रोज १६० ग्रॅम बटाट्याचे वेफर खाल्ले आणि त्यांच्या रक्तातील दाहाचे निर्देशक वाढले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि वेफरबरोबर तेल-मीठही पोटात गेलेच. तेव्हा दोष एकट्या अॅक्रिलामाइडच्या माथी मारता येणार नाही. रोज एवढे तळलेले खाल्ल्याने काय होते, याची चुणूक मात्र त्यात दिसते.

कढईतले तेल

फरसाणाच्या बाबतीत पदार्थाइतकेच तेलही महत्त्वाचे. तेल पुन्हा पुन्हा तापवले की हवा, पाणी आणि उष्णता यांच्या माऱ्याने त्याचे विघटन होते. ते दाट आणि काळपट होते, फेस धरते, लवकर धूर सोडते. त्यात अल्डिहाइडसारखी क्रियाशील द्रव्ये तयार होतात आणि ती पेशींना इजा करणारी, दाहाला चालना देणारी असतात. बिघडलेल्या तेलाची मात्रा मोजण्यासाठी त्यातील ‘एकूण ध्रुवीय संयुगे’ मोजतात. भारताच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८पासून ही मर्यादा २५ टक्क्यांवर ठरवली आहे. त्यापुढचे तेल खाद्य राहत नाही. ज्या व्यवसायात रोज ५० लिटरहून अधिक तेल तळणीसाठी लागते, त्याने वापरलेल्या तेलाची नोंद ठेवणेही बंधनकारक करण्यात आले. हे तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल बनवण्याची योजना ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाली.

फरसाण, मिठाई किंवा उपाहारगृहाचा व्यवसाय ज्यांच्या घरात आहे, त्यांना हा विषय दोन्ही बाजूंनी भिडतो. कढईतील तेल दोन दिवस अधिक चालवले तर नफ्याच्या रकान्यात थोडी भर पडते. पण तो नफा ग्राहकाच्या शरीरातून वसूल होतो. त्या ग्राहकांत शेजारी असतात, नातलग असतात आणि दुकानातूनच घरी नेलेल्या पुड्यांमुळे स्वतःची मुले-नातवंडेही असतात. टाकाऊ तेल अधिकृत संकलकाला दिल्यास त्याचे पैसेही मिळतात. ते हातगाडीवाल्याला स्वस्तात विकणे म्हणजे बुडीत माल दुसऱ्याच्या खात्यावर चढवणे होय.

घरासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२४ सालचा सल्ला सोपा आहे: तळणीचे उरलेले तेल गाळून घ्यावे, पुन्हा तळण्यासाठी वापरू नये, भाजी-आमटीत वापरून एक-दोन दिवसांत संपवावे. काळ्या तेलात नवे तेल ओतून रंग उजळतो, तेल ताजे होत नाही.

परंपरेतील सोय

जैन आचारात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ अशा सहा विगई सांगितल्या आहेत. तळलेल्याला स्वतंत्र स्थान देऊन त्याचा त्याग करण्याची वाट तेथे मोकळी ठेवली आहे. बाह्य तपांतील रसपरित्यागही याच जातीचा. हे नियम संयमासाठी आहेत, इंद्रियजयासाठी आहेत. त्यांना रसायनशास्त्राचे प्रमाणपत्र चिकटवणे हा त्यांचाही अवमान आणि विज्ञानाचाही. तथापि ज्या घरात तळलेल्याचा त्याग करण्याची सवय आधीपासून आहे, त्या घराला आहारातील हा बदल परका वाटत नाही, हे खरे.

उलट एका ठिकाणी सावध राहणे योग्य ठरते. ज्या तिथींना हिरव्या भाज्या वर्ज्य असतात, त्या दिवशी अनेक घरांत ताट कोरडे होते: खाखरा, पापड, शेव, भाजलेले कडधान्य. नियम भाजीचा असतो, कोरडे खाण्याचा नसतो. मूग-वरण, कढी, खिचडी, उकडलेले कडधान्य, ढोकळा हे पदार्थ त्याच नियमात बसतात आणि वृद्धांच्या पोटालाही सोसतात.

स्वयंपाकघरातील बदल

यासाठी नवे भांडे किंवा महाग वस्तू आणण्याची गरज नाही. पहिला बदल रंगाचा: सोनेरी रंग आला की आच बंद करावी, तपकिरीची वाट पाहू नये, करपलेला भाग काढून टाकावा. दुसरा बदल क्रमाचा: मुठिया, कोथिंबीर वडी, अळूवडी आधी वाफवल्याच जातात, त्यानंतर कढईऐवजी मोहरी-तिळाची फोडणी पुरते. तिसरा बदल आंबटाचा: दही, लिंबू, टोमॅटो, आमसूल शिजवण्याआधी घातले तरच उपयोग होतो. तळून झालेल्या पदार्थावर लिंबू पिळल्याने चव येते. झालेली नोंद पुसली जात नाही.

चौथा बदल मापाचा. डब्यातून थेट खाल्ले की किती खाल्ले ते कळत नाही. वाटीत काढून घेतले की कळते. खाखरा, पापड, शेव हे तोंडी लावण्याचे पदार्थ होते. ते जेवणाची जागा घेऊ लागले तेव्हा प्रश्न निर्माण झाला. खाखऱ्याला ‘डाएट’चे नाव मिळाल्यापासून तर चार-पाच खाखरे खाऊन भोजन झाले असे मानणारी मंडळी घरोघरी दिसतात. तेल कमी, हा त्याचा गुण खरा. पण त्याबरोबर वाटीभर वरण किंवा दही असले तरच ते जेवण होते. पाचवा बदल चहाच्या वेळचा: पेढीवर बिस्किटांच्या जागी फळ, भिजवलेले बदाम किंवा उकडलेले हरभरे ठेवणे मुळीच अवघड नाही.

घरात मधुमेही, मूत्रपिंडाचा रुग्ण किंवा सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा असतील, तर बदलाची सुरुवात त्यांच्या ताटापासून करावी. संयुगे बाहेर टाकण्याची त्यांची क्षमता सर्वांत कमी असते. अर्थात औषध, पथ्य आणि प्रथिनांचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे. ढोकळ्याने गोळी सुटत नाही. आणि रक्तातील साखर ताब्यात नसेल, तर शरीर स्वतःच ही संयुगे वेगाने बनवत राहते. तेव्हा साखर आटोक्यात ठेवणे, रोज चालणे आणि वजन सांभाळणे यांचा क्रम तव्याच्याही आधी लागतो.

सणाचे लाडू, पाहुण्यांसाठी केलेली पुरी, पावसाळी संध्याकाळची भजी यांवर बंदी घालावी, असा या सगळ्याचा अर्थ नाही. कधीतरीचा खर्च कोणतेही सुस्थितीतील खाते पेलते. खाते खचते ते रोजच्या, लहान, नोंद न ठेवलेल्या उचलीमुळे. सकाळचा खाखरा, दुपारचा पापड, चारची शेव आणि संध्याकाळचा टोस्ट यांपैकी दोन जागी उद्यापासून वाफेवरचा किंवा पाण्यात शिजलेला पदार्थ आला, तर महिन्याकाठी साठ वेळा शरीरावरचा भार हलका होतो.